टेबलावर एकही मॉनिटर नाही, तरी यादीत तीन कसे?

प्रश्न : माझी भाची संगणकशास्त्र शिकते. तिने लिनक्स असलेल्या लॅपटॉपवर काही आज्ञा दिल्या आणि जोडलेल्या मॉनिटरांच्या यादीत तीन जादा नावं आली. टेबलावर तर फक्त लॅपटॉप होता. ती म्हणाली, “मामा, हे ड्रायव्हरनं तयार केलेले मॉनिटर आहेत.” नसलेला मॉनिटर तयार करायचा म्हणजे नेमकं काय करायचं? आणि ती असंही म्हणाली, की एक करणं सोपं, अनेक करणं अवघड. ते का?

उत्तर : तुमच्या भाचीने बहुधा ‘व्हीकेएमएस’ हा ड्रायव्हर वापरला असावा. लिनक्सच्या गाभ्यात, म्हणजे कर्नेलमध्ये, तो २०१८ साली ४.१९ या आवृत्तीपासून आला. त्याची सुरुवात ‘आउटरीची’ आणि ‘गूगल समर ऑफ कोड’ या उपक्रमांत काम करणाऱ्या नवशिक्या प्रोग्रामरांनी केली, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. त्याचं कारण पुढे येईलच.

आधी एक गोष्ट लक्षात घेऊ. चित्र खरोखर कुणाच्या डोळ्यांपुढे उमटलं की नाही, हे संगणकाला कधीच कळत नाही. मॉनिटर आहे असं तो मानतो ते मोजक्या खुणांवरून. पहिली खूण म्हणजे केबलच्या टोकाला काहीतरी जोडलेलं आहे हा संकेत. दुसरी, मॉनिटरने दिलेली स्वतःची माहिती. बहुतेक मॉनिटरांत ‘ईडीआयडी’ नावाचा किमान १२८ बाइटांचा एक छोटा मजकूर साठवलेला असतो. निर्माता कोण, कोणते आकार चालतात, सेकंदाला किती चित्रं दाखवता येतात, हे सगळं त्यात असतं. मजकूर वाटेत बिघडला तर ओळखता यावा म्हणून सगळ्या बाइटांची बेरीज २५६ ने पूर्ण भागली जाईल असा शेवटचा बाइट ठेवलेला असतो.

तिसरी खूण म्हणजे ताल. जुन्या काचेच्या मॉनिटरमध्ये इलेक्ट्रॉनचा झोत वरून खाली ओळी रंगवत जायचा आणि शेवटच्या ओळीनंतर पुन्हा वर यायला त्याला थोडा वेळ लागायचा. त्या फटीत चित्र बदललं तर पडद्यावर अर्धं जुनं, अर्धं नवं असं फाटकं दृश्य दिसत नाही. झोत गेला, पण फट राहिली. आजच्या १९२० बाय १०८० च्या प्रचलित मांडणीतही दिसणाऱ्या १०८० ओळींबरोबर ४५ न दिसणाऱ्या ओळी मोजल्या जातात. या फटीच्या क्षणाला प्रोग्रामर ‘व्हीब्लँक’ म्हणतात आणि पडद्यावरची सगळी हालचाल त्याच्या ठेक्यावर चालते.

या तीन गोष्टी पुरवल्या, की संगणकाच्या लेखी मॉनिटर हजर झाला. व्हीकेएमएस ‘जोडलेलं आहे’ असं सांगतो. ईडीआयडी नसतानाही चालतील अशा नेहमीच्या आकारांची यादी तो पुढे करतो. त्यात मूळ पसंती १०२४ बाय ७६८ ची असते. तालासाठी तो कर्नेलमधला अतिसूक्ष्म टायमर लावतो. सेकंदाला ६० चित्रं हवी असतील तर साधारण १६.६७ मिलिसेकंदांनी टायमर वाजतो आणि ड्रायव्हर वरच्या प्रोग्रामांना कळवतो, की एक चित्र संपलं, पुढचं पाठवा. प्रेक्षागृह रिकामं ठेवून प्रकाशयोजना, पडदा आणि प्रवेश-निर्गमनासकट केलेली रंगीत तालीम असावी, तसं हे आहे.

आता चित्र कुठे जातं? या ड्रायव्हरमागे ग्राफिक्स कार्ड नसल्याने खिडक्या, माउसचा बाण, वरून येणारे थर हे सगळं सीपीयू स्वतः एकावर एक रचतो. रचलेल्या चित्रावरून ३२ बिटांचा एक सीआरसी, म्हणजे पडताळणीचा आकडा, काढला जातो. चाचणी करणारा प्रोग्राम अपेक्षित चित्राचा आकडा आणि आलेला आकडा ताडून पाहतो. एका ठिपक्याचा रंग बदलला तरी आकडा बदलतो. माणसाला डोळे ताणून शोधावी लागणारी चूक इथे दोन आकड्यांच्या तुलनेत सापडते, तीही कुठल्यातरी कपाटातल्या, मॉनिटर नसलेल्या सर्व्हरवर.

आता तुमच्या प्रश्नाचा दुसरा भाग. खरं कोडं तिथेच आहे.

लिनक्समध्ये चित्र पडद्यापर्यंत एका साखळीतून जातं. प्रतिमेचा थर म्हणजे ‘प्लेन’. थर एकत्र करून ताल सांभाळणारा भाग म्हणजे ‘सीआरटीसी’. संकेताचं रूपांतर करणारा ‘एन्कोडर’, आणि केबल जिथे लागते तो ‘कनेक्टर’. सुरुवातीच्या व्हीकेएमएसमध्ये अशी एकच साखळी होती आणि ती ड्रायव्हर सुरू होतानाच कायमची बांधली जायची. एकच पडदा असेल तर कोण कुणाला जोडलं आहे हा प्रश्नच पडत नाही.

दुसरा पडदा आला की हा प्रश्न पडतो. सभागृहात लॅपटॉपला प्रोजेक्टर जोडताना ‘तेच चित्र दोन्हीकडे’ की ‘दोन वेगळी चित्रं’ असा पर्याय तुम्ही निवडला असेल. पहिल्यात एकच सीआरटीसी दोन कनेक्टरांना पुरवठा करू शकतो. दुसऱ्यात दोन सीआरटीसी लागतात. शिवाय खऱ्या यंत्रात कोणताही भाग कुठेही जोडता येत नाही. कोणता एन्कोडर कोणत्या सीआरटीसीला चालतो, याचा तक्ता ड्रायव्हरला जाहीर करावा लागतो. तो तक्ता चुकला, तर खोटा मॉनिटर कुठल्याच खऱ्या यंत्रासारखा वागणार नाही आणि चाचणी निरुपयोगी ठरेल. प्रत्येक सीआरटीसीला एक मुख्य थर हवाच, दोन चालत नाहीत, हा नियमही प्रत्येक जोडणीत तपासावा लागतो.

मग वेळेचा प्रश्न. प्रत्येक पडद्याचा ताल स्वतंत्र. एक ६० हर्ट्‌झचा आणि शेजारचा १४४ हर्ट्‌झचा असेल, तर एकाला १६.६७ आणि दुसऱ्याला ६.९४ मिलिसेकंदांनी घंटा वाजणार. टायमर वेगळे, चित्रांची मोजणी वेगळी, रचनेच्या कामाची रांगही वेगळी ठेवावी लागते. नाहीतर एका पडद्याची घंटा दुसऱ्याच्या खात्यात जमा होते. उलट काही बदल मात्र सगळ्यांना मिळूनच करावे लागतात. दोन्ही पडद्यांचा आकार एकदम बदलायचा असेल तर लिनक्समधली ‘अॅटॉमिक’ पद्धत सांगते, की सगळं जमलं तरच बदल होईल, नाहीतर काहीच नाही. एक पडदा बदलला आणि दुसरा अडला, अशी अर्धवट अवस्था चालत नाही.

सर्वांत नाजूक प्रसंग केबल उपसण्याचा. कुणीतरी त्या पडद्यावर चित्र लावून बसलेलं असतानाच पडदा नाहीसा होतो. डिस्प्लेपोर्ट १.२ पासून एकाच पोर्टवर अनेक मॉनिटर जोडता येतात, त्यामुळे चालू यंत्रात कनेक्टर प्रकट होतात आणि नाहीसेही होतात. ड्रायव्हरने नाहीशा झालेल्या कनेक्टरची स्मृतीतली नोंद लगेच पुसली, तर अजून ती धरून बसलेला प्रोग्राम रिकाम्या जागेकडे बोट दाखवतो आणि अख्खी यंत्रणा कोसळू शकते. म्हणून किती जणांनी ती नोंद धरली आहे याचा हिशेब ठेवून, शेवटच्याने सोडल्यावरच ती पुसायची असते. डॉक काढल्यावर खिडक्या हरवणं, पडदा काळा राहणं, अशा ज्या तक्रारी आपण रोज ऐकतो, त्या अनेकदा याच वळणावर जन्मतात. खोट्या मॉनिटरची केबल हजार वेळा उपसता येते, तीही सेकंदाच्या हव्या त्या अंशाला. माणसाच्या हाताला ते जमणार नाही. माझ्या मते अनेक खोटे पडदे हवेत याचं सर्वांत बळकट कारण हेच.

खर्चही आहे. १९२० बाय १०८० चं एक चित्र, ठिपक्याला ४ बाइट धरून, ८२,९४,४०० बाइटांचं. सेकंदाला ६० म्हणजे जवळपास ५० कोटी बाइट. तीन पडद्यांचे १५० कोटी. हे सगळं सीपीयूच्या माथी. म्हणून पडताळणीचा आकडा किंवा रचलेली प्रतिमा कुणी मागितली असेल तेव्हाच व्हीकेएमएस रचनेचं काम करतो. कुणी पाहत नसेल तर फक्त घंटा वाजत राहते. आणि काम मागे पडलं तरी सुटलेल्या चित्रांच्या क्रमांकांची नोंद भरून काढली जाते, म्हणजे चाचणीचा हिशेब तुटत नाही.

या सगळ्यासाठी साखळी आधी कायमची न बांधता वापरणाऱ्याच्या हाती देणं हा मार्ग निघाला. कर्नेलच्या ‘कॉन्फिगएफएस’ सोयीत एक फोल्डर तयार केला की एक सीआरटीसी झाला, दुसरा केला की कनेक्टर. आणि एन्कोडरमार्फत त्यांच्यात दुवे जोडले की तक्ता तयार. शेवटी ‘चालू’ म्हणायचं. तुमच्या भाचीचे तीन मॉनिटर असेच उभे राहिले असतील.

याला मर्यादा आहेत आणि त्या मान्य केल्याच पाहिजेत. खराब केबल, पॅनेलचे खरे रंग, तिसरा मोठा पडदा लावल्यावर ग्राफिक्स कार्डाची अपुरी पडणारी क्षमता, यांतलं काहीही इथे कळत नाही. त्यासाठी खरं यंत्रच हवं. आभासी संगणकांसाठीचा ‘व्हर्टिओ-जीपीयू’ १६ पडद्यांपर्यंत मजल मारतो. विंडोज १० मध्येही अप्रत्यक्ष डिस्प्ले ड्रायव्हरची सोय आली. पण त्यांचा हेतू मुख्यतः वापराचा आहे. व्हीकेएमएस चुका पकडण्यासाठी आहे.

भाचीला माझा निरोप द्या. हे प्रयोग रोजच्या लॅपटॉपवर न करता आभासी संगणकावर करावेत, म्हणजे कर्नेल कोसळला तरी अभ्यासाच्या फायली सुरक्षित राहतील. या ड्रायव्हरचा सगळा कोड खुला आहे आणि कर्नेलच्या दस्तऐवजांत व्हीकेएमएसच्या पानावर उरलेल्या कामांची यादीच दिलेली आहे. तीन मॉनिटर आणि महागडं कार्ड विकत घेण्याची ऐपत नसलेल्या विद्यार्थ्यालाही ग्राफिक्सच्या गाभ्यात काम करता येईल, अशा फार थोड्या जागा आहेत. तिने त्या यादीतलं एखादं छोटं काम उचलावं आणि पहिला पॅच, म्हणजे कोडमधला बदल, पाठवावा.