पिकअपला मोठी चाके बसविताना

पाणंदीत पिकअपचे बूड घासू नये म्हणून कंपनीचीच वरच्या मापाची चाके बसविण्याकडे शेतकऱ्यांचा कल असतो. ७० सेंटिमीटर व्यासाऐवजी ७७ सेंटिमीटरची चाके घेतल्यास गाडी साडेतीन सेंटिमीटरच उंचावते. मात्र वेगदर्शक ताशी ५० किलोमीटर दाखवीत असता खरा वेग ५५ असतो. ओढ सुमारे ९ टक्क्यांनी घटते व ब्रेकवरील ताण वाढतो.

चाके घेण्यापूर्वी पाहावे :

(१) बोल्टांची संख्या व अंतर आणि मधले छिद्र जुळते काय.

(२) भरलेल्या गाडीचे स्टिअरिंग पूर्ण वळविल्यास टायर घासतो काय.

(३) टायरची भारक्षमता मूळ टायरपेक्षा कमी नाही ना.

चाक मोठे झाले तरी आस, पाटे व ब्रेक तेच राहतात. म्हणून मंजूर वजनाहून एक पोतेही अधिक भरू नये, हे ग्रामसेवकांनी शेतकऱ्यांस समजावून द्यावे.