त्वचेचा ताण आणि औषधाची वाट

बौद्ध साधनेत शरीराच्या बत्तीस अंगांचे चिंतन सांगितले आहे. त्यांतील पाचवे अंग ‘तच’, म्हणजे त्वचा. या लेखात आम्ही तिच्याकडे विज्ञानाच्या नजरेने पाहणार आहोत. प्रश्न एवढाच, की औषध त्वचेतून आत जाते कसे?

त्वचेचा सर्वांत वरचा शृंगस्तर मृत पेशींचा असतो. तळहात-तळपाय वगळता त्याची जाडी मिलिमीटरच्या पन्नासाव्या-शंभराव्या भागाइतकीच. तरीही बहुतेक औषधांना तोच अडवतो. त्याखालच्या अंतस्त्वचेत कोलॅजनचे बळकट आणि इलॅस्टिनचे लवचीक तंतू असतात. हाताच्या पाठीवरील त्वचा चिमटीत धरून पाहावी. प्रथम ती सहज ताणते, कारण कोलॅजनचे नागमोडी तंतू तेव्हा केवळ सरळ होत असतात. ते सरळ झाले की ती घट्ट विरोध करते. आजीच्या हातावर हाच प्रयोग केला, तर त्वचा पूर्ववत होण्यास अधिक वेळ लागतो. वयानुसार लवचीकता उणावते.

सुई टेकताच त्वचा आधी आत दबते, मग भेदली जाते. सैल त्वचा अधिक दबते. म्हणून बाळाच्या डाव्या दंडावर बीसीजीची लस देताना परिचारिका त्वचा बोटांनी ताणून धरतात. ही लस त्वचेच्या थरातच राहावी लागते. वर उमटणारा लहानसा फुगवटा ही ती योग्य जागी गेल्याची खूण होय. इन्सुलिन मात्र त्वचेखालच्या मेदात द्यायचे असते. एकाच जागी वारंवार टोचल्यास तेथे गाठी धरतात व औषध नीट शोषले जात नाही. घरातील मधुमेही वडीलधाऱ्यांना जागा बदलत राहण्याची आठवण अवश्य द्यावी.

सुईच्या भीतीने उपचार टाळणारेही असतात. त्यांच्यासाठी मुंबईच्या आयआयटीतील एअरोस्पेस विभागात प्रा. वीरेन मेनेझिस यांच्या गटाने ‘शॉक सिरिंज’ विकसित केली. दाबाखालील नायट्रोजनच्या साहाय्याने ती १२५ मायक्रोमीटरच्या छिद्रातून औषधाची वेगवान धार सोडते. तिचे प्रयोग उंदरांवर झाले. माणसांसाठी स्वतंत्र चाचण्या आवश्यक आहेत. जोर कमी पडला तर औषध वरच राहते, अधिक झाला तर ऊतींना इजा होते. हे गणित अखेर त्वचेच्या ताणावरच बेतलेले आहे.

त्वचेत फरक आहेत, ते वयाचे, जागेचे आणि ओलाव्याचे. जातीचा फरक तेथे नाही. माणसाच्या स्पर्शालाच विटाळ मानणाऱ्या रूढीविरुद्ध २ मार्च १९३० रोजी याच नाशकात काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला. त्या नाशकात आपली मुले आज हा धडा स्वतःच्या हातावर तपासून शिकतात, याचे मोल आम्हांस फार मोठे वाटते.