श्रद्धा घरातून येते की अनुभवातून?

प्रश्न : आमच्या घरी पंढरीची वारी आहे. नीटच्या तयारीसाठी लातूरला आल्यापासून वाटतं, माझी श्रद्धा म्हणजे नुसती घरची सवय. स्वतःचा अनुभव काहीच नाही. मग ती खोटी का? आईला सांगायची भीती वाटते.
— एक विद्यार्थी, लातूर

उत्तर : घरून मिळालं म्हणून खोटं, हा समज आधी सोड. बोलीही घरातूनच मिळते, तरी तिच्यात आपण आपलंच बोलतो. आणि अनुभवही कोऱ्या मनावर उमटत नाही. नांदेडला १७०८ मध्ये माधोदास बैरागी गुरू गोविंदसिंगांना भेटला आणि पुढे शीख सेनानी बंदासिंग बहादूर झाला. भेटीनं आयुष्य वळलं खरं, पण वैराग्याची ओढ त्याच्यात आधीपासून होती. किल्लारीचं उदाहरण तर लातूर जिल्ह्यातलंच. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणेश विसर्जनाच्या रात्रीनंतर, भूकंप झाला. त्यात कुणी देव्हारा कायमचा बंद केला, कुणी देवाला अधिकच घट्ट धरलं. संस्कार सारखे, आघातही तोच. म्हणजे अनुभवाचा अर्थ ज्याचा त्यालाच लावावा लागतो, आणि त्याला वेळ लागतो.

परीक्षेच्या तोंडावर निकाल लावायची घाई नको. हरिपाठ म्हणावासा वाटला तर म्हण, नाही वाटला तर राहू दे. आईला फोनवर काही जाहीर करू नकोस. सुट्टीत गेलास की तिलाच विचार, पांडुरंग तुला जवळचा कधी वाटला? तिच्याही मनात शंका येऊन गेल्या असतील.

मात्र झोप उडाली, अपराधी वाटणं किंवा देव शिक्षा करील ही भीती दोन आठवडे हटली नाही, तर मानसोपचारतज्ज्ञांना भेट. टेली-मानस या मदतवाहिनीच्या १४४१६ या क्रमांकावर मोफत बोलता येतं.