कलमाचा खुंट : गोंदिया परिसरातील परसबागांसाठी सावधगिरीचे काही बोल

गोंदिया जिल्हा हा धानाचा मुलूख आहे. १ मे १९९९ रोजी भंडारा जिल्ह्यातून वेगळ्या झालेल्या या आठ तालुक्यांत पावसाळाभर बांध्यांमध्ये पाणी उभे असते, आणि घरामागच्या परसबागेतील टोमॅटो, वांगी, मिरची यांची मुळेही त्याच ओलाव्यात आठवडेच्या आठवडे राहतात. अशा जमिनीत टोमॅटोचे झाड ऐन फुलावर असताना, पाने हिरवी असतानाच, दोन-तीन दिवसांत मान टाकते. या रोगास जिवाणूजन्य मर म्हणतात. त्याचा जिवाणू जमिनीत वर्षानुवर्षे टिकून राहतो, आणि रोगट खोड कापून त्याचे टोक स्वच्छ पाण्याच्या पेल्यात धरले असता दुधट धागा खाली उतरताना दिसतो, ही त्याची घरच्या घरी पटणारी खूण होय. फवारणीने हा रोग बरा होत नाही. म्हणून टोमॅटोचे मूळच बदलावे, म्हणजे मर आणि काही दिवसांचे साचलेले पाणी सोसणाऱ्या वांग्याच्या मुळावर टोमॅटोचा शेंडा बसवावा, हा उपाय तैवानमधील जागतिक भाजीपाला केंद्राने पुढे आणला, आणि शेजारच्या छत्तीसगडमध्ये तर अशी कलमी रोपे व्यापारी प्रमाणावर तयार होऊन विकली जातात. ती पाहून घरीच कलम करून बघण्याची इच्छा होणे स्वाभाविक आहे, आणि ती इच्छा उत्तेजन देण्याजोगीही आहे. परंतु या कामात अपयश येते तेव्हा एक रोप वाया जाते, आणि खुंटाविषयीच्या अज्ञानासह यश येते तेव्हा घरातील माणसांच्या जिवाशी गाठ पडू शकते, हे फारसे सांगितले जात नाही.

कलम म्हणजे दोन झाडांचा सांधा. ज्याचे मूळ ठेवले जाते त्यास खुंट म्हणतात, आणि ज्याचा शेंडा किंवा डोळा वर बसवला जातो त्या भागास कलमकाडी म्हणतात. साल आणि लाकूड यांच्यामध्ये वाढत्या पेशींचा एक पातळ, ओलसर थर असतो. खुंटाचा आणि काडीचा हा थर एकमेकांस टेकला, तर दोन्हीकडच्या पेशी वाढून जखम भरते आणि मुळापासून पाणी वर नेणाऱ्या जलवाहिन्या व पानांत तयार झालेले अन्न खाली नेणाऱ्या रसवाहिन्या नव्याने जोडल्या जातात. फांदीचा तुकडा सरळ मातीत लावून त्यालाच मुळे फोडणे, ज्यास छाट कलम म्हणतात, किंवा झाडावरच साल काढून ओले शेवाळ बांधून मुळे आणणे, ज्यास गुटी म्हणतात, या पद्धतींत सांधा नसतो, पण त्यांतूनही मूळ झाडाची हुबेहूब प्रत निघते. बियांपासून आलेल्या रोपात आईबापांचे गुण मिसळतात. छाट, गुटी आणि कलमकाडी यांतून आलेल्या रोपात तसे मिश्रण होत नाही, आणि म्हणूनच गोड आंब्याचा गोडवा पिढ्यान्‌पिढ्या टिकवता येतो. शास्त्रीय लेखनात ज्याला क्लोन म्हणतात ते हेच, आणि आपल्या बागवानांना ते त्या नावाशिवाय फार पूर्वीपासून ठाऊक आहे.

सांध्यावरून केवळ पाणी आणि साखर जाते, असा समज सर्वत्र आढळतो आणि तो चुकीचा आहे. अमेरिकेतील वनस्पतिशास्त्रज्ञ रे डॉसन यांनी १९४२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात तंबाखूच्या मुळावर टोमॅटोचा शेंडा बसवला, आणि उलटपक्षी टोमॅटोच्या मुळावर तंबाखूचा शेंडा बसवला. पहिल्या जोडीत टोमॅटोच्या पानांत निकोटिन साठले. दुसऱ्या जोडीत तंबाखूची पाने तंबाखूचीच दिसत असूनही त्यांत निकोटिन जवळजवळ नव्हते. यावरून निकोटिन मुख्यत्वे मुळांत तयार होते आणि तेथून पानांकडे वाहते हे सिद्ध झाले. तंबाखू, टोमॅटो, वांगे, मिरची, बटाटा ही सर्व झाडे सोलॅनेसी या एकाच कुळातील असल्यामुळे त्यांतील पुष्कळांचे सांधे एकमेकांशी जुळतात, आणि धोतरादेखील याच कुळातील आहे.

धोतऱ्याविषयी येथे थोडे सविस्तर सांगणे अगत्याचे आहे, कारण गोंदिया, आमगाव, देवरी, सडक अर्जुनी अशा कोणत्याही भागात तो उकिरड्यावर, रस्त्याच्या कडेला आणि पडक्या भिंतीलगत आपोआप उगवतो, पाण्याची आबाळ सोसतो, कीड त्याला फारशी शिवत नाही, आणि त्याचे मजबूत मूळ पाहून त्यावर टोमॅटो बसवण्याचा मोह कोणालाही व्हावा असे ते असते. या मुळांत हायोसायमिन आणि स्कोपोलॅमिन ही विषारी अल्कलॉइडे तयार होतात व जलवाहिन्यांतून वर चढतात. वरचा शेंडा धोतऱ्याचा असो की टोमॅटोचा, त्यांना त्याने फरक पडत नाही. १९६० च्या दशकात अमेरिकेतील टेनेसी राज्यात एका घरी धोतऱ्याच्या जातीच्या खुंटावर टोमॅटो बांधले गेले, झाड जोमाने वाढले, फळे रंगाने, आकाराने नेहमीसारखी आली, आणि ती खाणाऱ्या कुटुंबीयांना विषबाधा झाली. ही घटना वैद्यकीय नियतकालिकांत नोंदली गेली आहे. फळाच्या चवीवरून किंवा रूपावरून हे विष ओळखता येत नाही, आणि भाजी शिजवल्याने ते जाईल असा भरवसाही धरता येत नाही.

या विषबाधेत तोंड व घसा कोरडा पडतो, बाहुल्या मोठ्या होऊन उजेड सहन होत नाही, कातडी लाल व गरम होते, नाडी जलद चालते, लघवी अडते, आणि थोड्याच वेळात माणूस असंबद्ध बोलू लागतो किंवा नसलेल्या वस्तू हवेत पकडू लागतो. अशा वेळी बाहेरची बाधा समजून वेळ दवडणे, मीठपाणी पाजून उलटी काढणे किंवा ताक, लिंबू यांवर विसंबणे घातक ठरते. गुंगीत असलेल्या माणसाला उलटी करवली तर ती श्वासनलिकेत जाण्याची भीती असते. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी, गोंदियाच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय किंवा जवळचे ग्रामीण रुग्णालय गाठावे, आणि खाल्लेल्या फळाचा तुकडा व त्या झाडाची मुळाकडची फांदी सोबत न्यावी, म्हणजे डॉक्टरांना निदान करणे सोपे जाते.

या सर्वांतून निघणारा पहिला नियम असा की, खुंट रानातून उपटून आणू नये. धोतऱ्याचे आणि वांगेवर्गीय झाडांचे लहान रोप चार-सहा पानांवर असताना अनुभवी माणसाचीही फसगत होऊ शकते. मोठेपणी धोतऱ्याला कर्ण्यासारखे लांब फूल आणि काटेरी बोंड येते, वांग्याचे फूल ताऱ्यासारखे पसरट असते, पण कलम बांधण्याच्या वयात यांपैकी काहीच दिसत नाही. खुंटाचे बी ओळखीच्या ठिकाणचे असावे, स्वतंत्र तासात पेरावे, त्यावर पाटी लावावी आणि त्याच बियांतील दोन-चार रोपे कलम न करता फुलेपर्यंत वाढू द्यावीत, जेणेकरून खुंट कोणता होता याचा साक्षीदार बागेतच उभा राहील.

गांजाच्या झाडासंबंधी जे कुतूहल अलीकडे वाढले आहे त्याचाही विचार येथे करावा लागतो. या वनस्पतीत नर आणि मादी झाडे वेगळी असतात आणि मादक राळ मुख्यत्वे मादी फुलोऱ्यावरील सूक्ष्म ग्रंथींत तयार होते, म्हणून ज्या देशांत तिच्या लागवडीस परवानगी आहे तेथे पुष्कळदा निवडक मादी झाडाच्या छाटांवर शेती चालते. याच कॅनाबेसी कुळातील हॉप नावाची वेल, जिची फुले बिअरमध्ये घालतात, गांजाच्या मुळावर बांधली तर तिच्यात ती मादक द्रव्ये उतरतात आणि दिसायला निरुपद्रवी असे झाड मिळते, ही समजूत जगभर पसरली. १९४० च्या दशकात वॉर्मके आणि डेव्हिडसन यांनी आपल्या कलमप्रयोगांवरून तसा दावा केला होता, पण १९७५ मध्ये क्रॉम्बी दांपत्याने केलेल्या कलमप्रयोगांनी ती समजूत खोटी ठरवली. निकोटिन चढते तशी ही द्रव्ये मुळांतून चढत नाहीत, ती ज्या शेंड्याची असतात तेथेच बनतात. म्हणजे धोतऱ्यात जे घडते ते येथे घडत नाही, आणि हा फरक तर्काने कळण्याजोगा नसून प्रयोगानेच कळलेला आहे.

कायद्याची बाजू याहून स्पष्ट आहे. गोंदिया ज्या मध्य प्रांताचा भाग होता तेथे ब्रिटिश अमलात गांजाची परवानाधारक लागवड निमाडातील खांडव्याच्या परिसरापुरती ठेवलेली होती, हे १८९३-९४ च्या हेंप ड्रग्ज आयोगाच्या अहवालात नमूद आहे. आज तीही मुभा नाही. अमली पदार्थविषयक १९८५ च्या केंद्रीय कायद्याच्या कलम ८ अन्वये गांजाच्या झाडाची लागवड निषिद्ध असून कलम २० अन्वये तिच्यासाठी दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. या कायद्यातील गांजाच्या व्याख्येतून, शेंडे सोबत नसल्यास, पाने व बिया वगळलेल्या आहेत, आणि त्यावरून कुंडीतील एखादे झाड चालते असा अर्थ काही जण काढतात. परंतु लागवडीवरील बंदी सबंध झाडाला लागू आहे आणि छाट लावून आणलेले रोप हेही झाडच ठरते. कलम ४६ अन्वये आपल्या जमिनीत असे झाड लावले गेल्याचे ठाऊक असूनही कळवत नाही तो जमीनधारक शिक्षेस पात्र होतो, आणि कलम ४७ अन्वये सरपंचासह गावच्या अधिकाऱ्यांवर माहिती देण्याची जबाबदारी आहे. तेव्हा कलमाची विद्या शिकण्यासाठी या झाडाला हात लावण्याचे कोणतेही कारण उरत नाही. ज्या मुलांना ही विद्या शिकायची आहे त्यांच्या हाती वांग्या-टोमॅटोची रोपे द्यावीत.

हुबेहूब प्रत काढण्याचा दुसरा धोका रोगाचा आहे. ज्या झाडाची काडी घेतली त्याच्या रसात रोगजंतू असेल तर तो प्रत्येक प्रतीत जातो, आणि बियांतून होणारी गाळणी येथे होत नाही. नागपुरी संत्र्याच्या बागांना हा तोटा पुरेपूर सोसावा लागला आहे. जंबेरी किंवा रंगपूर लिंबाच्या निरोगी खुंटावर ट्रिस्टेझा किंवा ग्रीनिंग रोगाच्या झाडावरील डोळा भरला की बाग पहिली काही वर्षे हिरवी दिसते आणि मग ओसरत जाते. म्हणूनच नागपूरच्या केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्थेत शेंड्याच्या अगदी टोकाचा, डोळ्यास जेमतेम दिसणारा तुकडा काचनळीत कलम करून रोगमुक्त मातृवृक्ष तयार करण्याचे तंत्र वापरले जाते. घरी ते शक्य नाही. घरी शक्य आहे ते एवढेच की, काडी अशाच झाडाची घ्यावी ज्याची काही वर्षांची फळधारणा स्वतः पाहिलेली आहे, आणि एका झाडावरून दुसऱ्या झाडावर जाताना पाते दरवेळी ब्लीचिंगच्या पातळ द्रावणात बुडवून पुसावे.

विडी वळणे आणि खर्रा खाणे या दोन्ही गोष्टी या जिल्ह्यात सर्रास चालतात, आणि त्यांचा कलमाशी असलेला संबंध क्वचितच ध्यानात येतो. टोमॅटो व मिरचीवर पडणाऱ्या मोझॅक रोगाचा एक विषाणू वाळवलेल्या तंबाखूतही जिवंत राहतो आणि बोटांवरून कापलेल्या खोडात शिरतो. तंबाखू हाताळलेल्या माणसाने साबणाने कोपरापर्यंत हात धुतल्याशिवाय कलमास बसू नये.

टोमॅटो-वांगे कलमाची कृती अवघड नाही, फक्त ती घाईची नाही. वांग्याचे रोप सावकाश वाढते, म्हणून त्याचे बी टोमॅटोच्या काही दिवस आधी टाकावे, आणि दोन्ही खोडे सुमारे दोन मिलिमीटर जाडीची, एकसारखी झाली की संध्याकाळच्या वेळी सावलीत काम करावे. खुंट बीजपत्रांच्या वर तिरपा कापावा, टोमॅटोचा शेंडा त्याच तिरपेपणाने कापावा, दोन्ही काप एकमेकांस पूर्ण टेकतील असे बसवून कलमाची चिमटी किंवा बारीक रबरी नळी लावावी. त्यानंतरचे आठ-दहा दिवस खरे कसोटीचे असतात : पहिले तीन दिवस रोपे काळ्या कापडाने झाकलेल्या प्लास्टिकच्या तंबूत, दमट व सुमारे २५ ते ३० अंश तापमानात ठेवावीत, मग उजेड आणि वारा थोडाथोडा वाढवावा. गोंदियाच्या मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत चढतो, तेव्हा हा खटाटोप करू नये. पाऊस स्थिरावल्यावर करावा. लावताना सांधा मातीच्या चार बोटे वर राहिला पाहिजे, कारण तो पुरला गेला की टोमॅटो स्वतःची मुळे सोडतो, रोगट माती त्या मुळांतून झाडात शिरते आणि वांग्याचा खुंट असून नसल्यासारखा होतो. खुंटावर फुटणारे वांग्याचे फुटवे दर आठवड्यास खुडावेत. दुर्लक्ष झाले तर शेंडा मरतो आणि वांग्याचेच झाड उरते.

फळझाडांचे नियम वेगळे नाहीत. आंबा आंब्यावर, लिंबू जंबेरीवर, बोर रानबोरीवर आणि चिकू खिरणीवर जमतो. कूळ निराळे असेल तर काडी काही दिवस हिरवी राहून सुकते, आणि कूळ एक असूनही जोडी विजोड असेल तर कित्येक वर्षांनी वादळात झाड नेमके सांध्यावर मोडते. हिवऱ्याच्या कृषी विज्ञान केंद्रात खुंटाविषयी चौकशी करावी. आठवडी बाजारात कलमी भाजीरोप विकत घेणाऱ्या प्रत्येकाने विकणाऱ्यास खुंट कोणता हे विचारावे, आणि त्याला तो सांगता आला नाही तर ते रोप घेऊ नये.