‘दोघांपैकी एक’ की ‘दोघेही’? : एका भविष्यवाणीचे वाचन



व्याकरणाच्या तासाला सर्वनामे आणि उभयान्वयी अव्यये सुरू झाली की वर्गातले बरेच डोळे खिडकीबाहेर जातात. ‘किंवा’, ‘दुसरा’, ‘कोणीही’ अशा एवढ्याशा शब्दांचा इतका काथ्याकूट कशाला, असे वाटणे साहजिक आहे. म्हणून आज एक असे वाक्य अभ्यासाला घेऊ, ज्यातील एका छोट्या शब्दावर दोन माणसांचे जगणे-मरणे टांगलेले आहे. हे वाक्य तुमच्या ओळखीचे असेल. जे. के. रोलिंग यांच्या हॅरी पॉटर मालिकेतील भविष्यवाणीमधले ते वाक्य.

मालिकेचा पाचवा भाग जून २००३ मध्ये आला आणि ही भविष्यवाणी वाचकांना पहिल्यांदा पूर्ण कळली. सातवा आणि शेवटचा भाग जुलै २००७ मध्ये आला. मधली चार वर्षे जगभरचे वाचक या एका वाक्याचा कीस काढत होते. हॅरी मरणार की वाचणार? व्होल्डेमॉर्टला कोण मारणार? सगळी भिस्त त्या वाक्यावर होती. (ज्यांनी सातवा भाग अजून वाचलेला नाही, त्यांनी हा लेख जपून ठेवावा आणि पुस्तक संपल्यावर वाचावा.)

भविष्यवाणी काय सांगते?

हॅरीच्या जन्माच्या थोडे आधी ‘हॉग्ज हेड’ नावाच्या खाणावळीत सिबिल ट्रिलॉनी ही बाई नोकरीच्या मुलाखतीसाठी डम्बलडोर यांच्यासमोर बसलेली असते. अचानक तिचा आवाज बदलतो आणि ती बोलू लागते. तिच्या बोलण्याचा सारांश असा :

१. अंधाराच्या स्वामीला हरवण्याची शक्ती असलेला जवळ येत आहे.
२. ज्यांनी त्या स्वामीला तीनदा आव्हान दिले, त्यांच्या पोटी तो जन्मेल.
३. सातवा महिना सरता सरता तो जन्मेल.
४. तो स्वामी स्वतःच त्याच्यावर आपल्या बरोबरीचा म्हणून खूण करील.
५. स्वामीला ठाऊक नसलेली एक शक्ती त्याच्याजवळ असेल.
६. आणि शेवटी, एकाला दुसऱ्याच्या हातून मरावे लागेल, कारण एक तगून असेपर्यंत दुसऱ्याला जगता येणार नाही.

सहावे वाक्य मी मुद्दाम ढोबळ मराठीत सांगितले आहे. त्यात माझ्याकडून एक निवड झालीच आहे. ती कोणती, ते पुढे पाहू. आधी वरची पाच वाक्ये तपासू.

नाव कुठेच नाही

सहाही वाक्यांत हॅरीचे नाव नाही. जुलैच्या अखेरीस दोन मुले जन्मली. एक हॅरी पॉटर आणि दुसरा नेव्हिल लाँगबॉटम. दोघांच्याही आईवडिलांनी व्होल्डेमॉर्टला तीनदा आव्हान दिले होते. म्हणजे पहिल्या तीन वाक्यांत दोघेही बसतात.

‘सातवा महिना’ हे शब्दही वाटतात तितके सरळ नाहीत. आपल्या पंचांगात चैत्रापासून मोजले तर सातवा महिना आश्विन. जुन्या रोमन लोकांचे वर्ष मार्चपासून सुरू होई, म्हणून ‘सप्टेंबर’ या नावातच ‘सात’ दडलेला आहे. आजच्या इंग्रजी कॅलेंडरप्रमाणे मात्र सातवा महिना जुलै. व्होल्डेमॉर्टने जुलै धरला. कोणते कॅलेंडर घ्यायचे हे भविष्यवाणीने सांगितले नव्हते, ते ऐकणाऱ्याने ठरवले.

आपल्याकडे कंसाची गोष्ट आहे. देवकीचा आठवा मुलगा तुझा काळ ठरेल, अशी आकाशवाणी त्याने ऐकली. कीर्तनकार पुढे रंगवून सांगतात की नारदाने त्याच्यापुढे आठ पाकळ्यांचे कमळ धरले आणि विचारले, ‘राजा, यातली आठवी पाकळी कोणती?’ मोजायला कुठून सुरुवात करतो त्यावर आठवी ठरते. कंस घाबरला आणि त्याने एकही मूल जिवंत सोडायचे नाही असे ठरवले. संख्या स्पष्ट असूनही भीतीने ती संदिग्ध झाली. व्होल्डेमॉर्टच्या वाट्याला तर संदिग्ध वाक्यच आले होते.

अर्धे ऐकलेले

त्या रात्री खाणावळीत स्नेप दाराआड उभा राहून ऐकत होता. पण तो मध्येच पकडला गेला आणि बाहेर काढला गेला. त्याच्या कानावर फक्त सुरुवातीचा भाग पडला आणि तेवढाच त्याने आपल्या धन्याला सांगितला. ‘तो स्वतःच खूण करील’ हे चौथे वाक्य व्होल्डेमॉर्टपर्यंत पोहोचलेच नाही.

याचा परिणाम पाहा. व्होल्डेमॉर्ट तान्ह्या हॅरीला मारायला गेला. आईच्या बलिदानामुळे त्याचा शाप उलटला, हॅरीच्या कपाळावर विजेच्या आकाराचा व्रण उमटला, आणि चौथे वाक्य खरे झाले. पूर्ण ऐकले असते तर त्याने कदाचित वाट पाहिली असती. हॅरीला त्याचा शत्रू म्हणून दुसऱ्या कुणी नव्हे, त्याने स्वतःच नेमले. नेव्हिल बाजूला राहिला, कारण व्होल्डेमॉर्ट त्याच्याकडे गेला नाही.

जादू मंत्रालयात भविष्यवाण्यांच्या काचगोळ्यांचे दालन आहे. तिथल्या गोळ्यावरच्या चिठ्ठीत अंधाराच्या स्वामीच्या पुढे हॅरीचे नाव आहे, पण नावाआधी कंसात प्रश्नचिन्ह आहे. आणि हे नावसुद्धा हल्ल्यानंतर लिहिले गेले. पुस्तक भरभर वाचणाऱ्यांच्या नजरेतून हे प्रश्नचिन्ह निसटते. सगळ्या प्रकरणाची किल्ली मात्र त्यातच आहे.

‘ईदर’ म्हणजे काय?

आता सहाव्या वाक्याकडे येऊ. मूळ इंग्रजीत तिथे ‘ईदर’ हा शब्द आहे. या शब्दाला दोन अर्थ आहेत. रोजच्या वापरातला अर्थ ‘दोघांपैकी कोणताही एक’. दुसरा, थोडा जुना अर्थ ‘दोन्हींपैकी प्रत्येक’. रस्त्याच्या ‘ईदर’ बाजूला झाडे आहेत असे इंग्रजीत म्हटले, तर झाडे दोन्ही बाजूंना असतात.

म्हणून वाक्याचे दोन अर्थ निघतात :

(अ) दोघांपैकी एकाला दुसऱ्याच्या हातून मरावे लागेल.
(आ) दोघांपैकी प्रत्येकाला दुसऱ्याच्या हातून मरावे लागेल.

मराठीत हे वाक्य नेताना अडचण येते. ‘दोघांपैकी एक’ म्हटले की (आ) चे दार बंद होते. ‘दोघेही’ म्हटले की (अ) चे बंद होते. दोन्ही दारे उघडी ठेवणारा सुटसुटीत शब्द सापडणे कठीण. वर सारांश देताना मी ‘एकाला’ असे लिहिले, ती माझी निवड होती. घरी मराठी, बाजारात हिंदी आणि वर्गात इंग्रजी अशा तीन भाषांत वावरणाऱ्या तुम्हा मुलांना हे चटकन कळेल. भाषांतर करायला बसलो की मूळ वाक्यातली भेग दिसते. एकाच भाषेत वाचणाऱ्याच्या ती लक्षातही येत नाही.

काही वाचकांनी (इ) असाही अर्थ काढला की ‘दुसरा’ म्हणजे तिसराच कुणीतरी. हा अर्थ मात्र व्याकरणात बसत नाही. इंग्रजीत ‘ईदर’ आणि ‘द अदर’ ही जोडी आली की माणसे दोनच असतात. संदिग्ध वाक्याचा वाटेल तो अर्थ लावता येतो असे नाही. शब्द जेवढी जागा देतात तेवढ्यातच हिंडायचे असते.

जगणे आणि तगणे

वाक्याचा उत्तरार्ध आणखी चमत्कारिक आहे. एक असेपर्यंत दुसरा जगू शकत नाही म्हणावे, तर दोघेही कितीतरी वर्षे जिवंत होतेच! मग हे खोटे का? नाही. इंग्रजीत इथे दोन वेगळी क्रियापदे आहेत, ‘लिव्ह’ आणि ‘सर्व्हाइव्ह’. सुदैवाने मराठीतही तशी जोडी आहे : जगणे आणि तगणे. दुष्काळात झाड तगते, पण त्याला बहर येत नाही.

व्होल्डेमॉर्ट शाप उलटल्यावर तेरा वर्षे देहाविना कसाबसा तगला. हॅरीचे बालपण जिन्याखालच्या कपाटात गेले आणि पुढेही मरणाची सावली त्याच्यामागून हटली नाही. श्वास दोघांचेही चालू होते, पण मनासारखे जगणे कुणालाच मिळाले नाही. असे वाचले की उत्तरार्ध नीट लागतो.

याच बाईची दुसरी भविष्यवाणी

ट्रिलॉनीबाईंच्या बोलण्याने वाचक फसण्याची ही एकच वेळ नव्हती. १९९९ साली आलेल्या तिसऱ्या भागात त्या हॅरीला सांगतात की बारा वर्षे बंधनात असलेला सेवक आज मध्यरात्रीपूर्वी सुटून आपल्या स्वामीकडे निघेल. हॅरीला वाटते, हा सिरियस ब्लॅक, कारण तो बारा वर्षे अझ्काबानच्या तुरुंगात होता. प्रत्यक्षात निघतो तो पीटर पेटिग्र्यू. तो बारा वर्षे उंदराच्या रूपात अडकून पडला होता. ‘बारा वर्षे’ आणि ‘बंधन’ हे दोन्ही शब्द दोघांनाही लागू पडतात. आपण मात्र मनात आधीच गुन्हेगार ठरवलेला असतो आणि शब्द त्याला चिकटवतो. ज्यांना हा प्रसंग लक्षात राहिला, ते २००३ साली पुढची भविष्यवाणी सावधपणे वाचू शकले.

शेवटी काय घडले?

सातव्या भागात हॅरीला कळते की व्होल्डेमॉर्टच्या आत्म्याचा एक तुकडा त्याच्या स्वतःच्या आत अडकला आहे. तो नष्ट व्हायचा तर व्होल्डेमॉर्टच्याच हातून हॅरीवर घाव पडायला हवा. हॅरी हातातली छडी न उगारता जंगलात जातो आणि प्राणघातक शाप अंगावर घेतो. तुकडा नष्ट होतो. हॅरीला परत येण्याची मुभा मिळते, कारण चौथ्या भागात व्होल्डेमॉर्टने नवा देह घडवताना हॅरीचेच रक्त घेतले होते. त्या रक्ताने हॅरीला जगाशी बांधून ठेवले. गंमत पाहा, ‘एक तगला तर दुसरा जगणार नाही’ म्हणणाऱ्या भविष्यवाणीच्या कथेत शत्रू तगून होता म्हणूनच हॅरी परत येऊ शकला.

शेवटच्या झुंजीत व्होल्डेमॉर्ट पुन्हा प्राणघातक शाप सोडतो. हॅरी मात्र फक्त प्रतिस्पर्ध्याच्या हातातली छडी काढून घेण्याचा मंत्र म्हणतो. व्होल्डेमॉर्टच्या हातातली छडी खरे तर हॅरीला मानणारी असते. शाप उलटतो आणि सोडणारा मरतो.

मग कोणता अर्थ खरा ठरला? (अ) म्हणावे, तर एकच मेला हे खरे, पण हॅरीच्या हाताने त्याला मारले असे म्हणता येत नाही. (आ) म्हणावे, तर जंगलात हॅरी दुसऱ्याच्या हातून मरणाच्या दारापर्यंत गेला आणि परतला. माझे मत असे की कोणताही एक अर्थ पूर्ण बसत नाही. या दोघांची गाठ मरणाशिवाय सुटणार नाही एवढेच भविष्यवाणीने सांगितले. कोण मरेल, कसे मरेल आणि मरणाला कसा सामोरा जाईल, हे तिने सांगितले नव्हते. ते दोघांच्या वागण्यावर सोडले होते. २००५ साली आलेल्या सहाव्या भागात डम्बलडोर हॅरीला हेच समजावतात. भविष्यवाणी तुला बांधत नाही, तुझ्या आईवडिलांना मारणाऱ्याशी तू तिच्याविनाही लढला असतास, आणि दालनातली प्रत्येक भविष्यवाणी काही खरी होत नाही, असा त्यांच्या सांगण्याचा आशय आहे. हॅरी जंगलात गेला तो मित्रांना वाचवण्यासाठी. भविष्यवाणीने त्याला ढकलले असते, तर त्या जाण्याला काही मोल उरले नसते.

हा विचार गोष्टीपुरता नाही. आपल्या घरांतही पत्रिका पाहून ‘पाण्यापासून जपा’ असे कुणी सांगते आणि धडधाकट मूल पोहायला शिकत नाही. मग एखाद्या सहलीत तेच मूल पाण्यात घाबरते आणि मोठी माणसे म्हणतात, पाहा, खरे ठरले! अशा वेळी चार प्रश्न विचारावेत. नेमके शब्द कोणते होते? पूर्ण ऐकले का? त्यांचे आणखी कोणते अर्थ निघतात? आणि जे घडले ते शब्दांमुळे, की शब्दांना घाबरून आपण जे केले त्यामुळे?

स्वाध्याय

१. सहाव्या वाक्याचे असे मराठी भाषांतर करून पाहा, ज्यात (अ) आणि (आ) हे दोन्ही अर्थ शिल्लक राहतील.
२. ‘जगणे’ व ‘तगणे’ यांतील फरक दाखवणारी प्रत्येकी दोन वाक्ये लिहा.
३. व्होल्डेमॉर्ट नेव्हिलच्या घरी गेला असता, तर सहापैकी कोणती वाक्ये नेव्हिलला लागू पडली असती? कारणासह लिहा.
४. आजी-आजोबांना विचारून दोन अर्थांच्या भाकिताची एक गोष्ट मिळवा. ऐकणाऱ्याने कोणता अर्थ घेतला आणि का, ते दहा ओळींत लिहा. निवडक उत्तरे पुढच्या अंकात घेऊ.