ट्रॅक्टर सुरू होत नाही तेव्हा : विद्युत्-दोषाचा क्रमवार शोध

पहिला दमदार पाऊस पडून गेला, जमिनीत वाफसा आला, म्हणजे पेरणीसाठी हाती राहणारे दिवस मोजकेच असतात. पंजाब-हरियाणाकडे भाताची कापणी आणि गव्हाची पेरणी यांमधील अवधीही असाच थोडका असतो. अशा वेळी ट्रॅक्टरची किल्ली फिरवावी आणि इंजिनाने दाद देऊ नये, तर शेतकऱ्याचा जीव कासावीस होतो. मग ‘बॅटरी गेली’ असा निर्णय घाईने दिला जातो व नवी बॅटरी आणली जाते. दोन दिवसांनी ट्रॅक्टर पुन्हा अडतो. मग स्टार्टर बदलला जातो. काही जण ट्रॅक्टर रोज उतारावर उभा करून ठेवतात आणि ढकलून सुरू करतात. त्यामुळे त्या दिवसाचे काम भागते. दोष मात्र जागच्या जागी राहतो.

वस्तुतः या दोषाचा शोध लावणे अवघड नाही. त्याला एक मोजमापाचे साधन, थोडे अंकगणित आणि क्रम सोडावयाचा नाही हा निश्चय एवढेच पुरते. हा क्रम कसा असावा व त्यामागील शास्त्रीय तत्त्व कोणते, हे या पाठात पाहावयाचे आहे.

स्टार्टरचे काम

ट्रॅक्टरचे इंजिन बहुधा डिझेलचे असते. त्यात ठिणगी पाडावी लागत नाही. नळकांड्यातील हवा मूळ आकारमानाच्या सुमारे सोळाव्या-सतराव्या हिश्शात दाबली जाते, त्यामुळे ती अतिशय तापते आणि तीत फवारलेले तेल आपोआप पेट घेते. परंतु हे घडण्यासाठी इंजिन प्रथम बाहेरून पुरेशा वेगाने फिरवावे लागते. पूर्वी हे काम हाताच्या दांड्याने करीत. इंजिनाने उलटा झटका दिला, की हात मोडण्याचे प्रसंग येत. १९१२ साली चार्ल्स केटरिंग यांच्या योजनेनुसार तयार झालेला विजेचा स्टार्टर कॅडिलॅक मोटारींत बसविण्यात आला आणि पुढे तो सर्वत्र रूढ झाला. आपल्याकडे त्यालाच ‘सेल्फ’ म्हणतात.

साध्या यांत्रिक पंपाचे डिझेल इंजिन एकदा सुरू झाले म्हणजे चालू राहण्यासाठी त्याला बॅटरीची फारशी गरज उरत नाही. बॅटरीची खरी कसोटी त्या पहिल्या काही सेकंदांतच लागते. त्या वेळी स्टार्टर शेकडो अँपिअर प्रवाह ओढतो. शिशाचे पत्रे आणि सौम्य गंधकाम्ल यांची बॅटरी गास्तों प्लांते या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८५९ साली तयार केली. एवढा मोठा प्रवाह क्षणात देण्याचा तिचा गुण आजही उपयोगी पडत आहे. तीत सहा घट एकापुढे एक जोडलेले असतात. प्रत्येक घटाचा दाब सुमारे २.१ व्होल्ट, म्हणून पूर्ण भारित बॅटरीचा दाब सुमारे १२.६ व्होल्ट भरतो.

दिवा लागतो, तरी दोष असतो

‘दिवे चांगले लागतात, तेव्हा बॅटरी आणि तारा ठीक आहेत,’ असे अनुमान पुष्कळदा केले जाते. ते चुकीचे आहे. त्याचे कारण जॉर्ज ओम या जर्मन शास्त्रज्ञाने १८२७ साली मांडलेल्या नियमात सापडते. तारेत किंवा सांध्यात नष्ट होणारा दाब हा प्रवाह आणि रोध यांच्या गुणाकाराइतका असतो.

समजा, बॅटरीच्या अग्रावर पांढरट क्षार साचल्यामुळे तेथील सांध्यात ०.०१ ओम रोध उत्पन्न झाला आहे. २४ वॅटचा दिवा १२ व्होल्टवर २ अँपिअर प्रवाह घेतो. त्याच्यापुरता त्या सांध्यात ०.०२ व्होल्ट दाब नष्ट होईल. डोळ्यांना तो कळणारही नाही. आता त्याच सांध्यातून स्टार्टरचा २०० अँपिअर प्रवाह जाऊ लागला, तर २ व्होल्ट नष्ट होतील. प्रवाह देत असताना बॅटरीच्या अग्रांवर १०.५ व्होल्ट असले, तर स्टार्टरपर्यंत केवळ ८.५ व्होल्ट पोचतील आणि तो इंजिनाला नेटाने फिरवू शकणार नाही. शिवाय २ व्होल्ट गुणिले २०० अँपिअर म्हणजे ४०० वॅट इतकी शक्ती त्या लहानशा सांध्यात उष्णतेच्या रूपाने वाया जाईल. स्टार्टर चालविल्यानंतर एखादा सांधा तापलेला लागतो, त्याचे कारण हेच होय.

यावरून या पाठाचे मुख्य सूत्र निघते : स्टार्टरच्या मंडलाची परीक्षा मोठा प्रवाह वाहत असतानाच केली पाहिजे. प्रवाह नसताना सदोष सांधाही निर्दोष भासतो.

परीक्षेपूर्वीची सावधगिरी

ट्रॅक्टर सपाट जागी उभा करावा, हातब्रेक लावावा, गिअर न्यूट्रलमध्ये आहे याची स्वतः खात्री करावी. इंजिन बंद करण्याची कळ ओढून ठेवावी, म्हणजे ते फिरेल पण पेट घेणार नाही. एकाने चालकाच्या जागेवर बसून किल्ली फिरवावी. दुसऱ्याने चाके व पंख्याचा पट्टा यांपासून दूर राहून मोजमाप करावे. स्टार्टर एका वेळी दहा सेकंदांहून अधिक चालवू नये. मध्ये एक-दोन मिनिटे जाऊ द्यावी.

बॅटरीतून हायड्रोजन वायू बाहेर पडतो, म्हणून तिच्याजवळ विडी-काडी किंवा ठिणगी नको. जोडण्या सोडताना अर्थची, म्हणजे ट्रॅक्टरच्या सांगाड्याला जोडलेली, तार प्रथम काढावी व लावताना ती शेवटी लावावी. पुष्कळ ट्रॅक्टरांत ऋणाग्र सांगाड्याला जोडलेले असते. काही जुन्या परदेशी ट्रॅक्टरांत धनाग्र जोडलेले आढळते. ते आधी पाहून घ्यावे.

जमिनीवर उभे राहून स्क्रू-ड्रायव्हरने स्टार्टरची अग्रे जोडण्याची सवय अनेक ठिकाणी दिसते. ती प्राणघातक आहे. असे केल्याने न्यूट्रलची सुरक्षा-कळ टाळली जाते; गिअर पडलेला असल्यास ट्रॅक्टर तत्काळ पुढे सरकतो आणि मागचे अजस्र चाक शेजारी उभ्या असलेल्या माणसावर येते. या मार्गाने कोणीही जाऊ नये.

लक्षणे काय सांगतात?

प्रथम किल्ली फिरवून पाहावे आणि ऐकावे.

(१) काहीच आवाज नाही व दिवेही लागत नाहीत : बॅटरी पूर्ण उतरली आहे किंवा मुख्य जोडणी तुटली आहे.

(२) दिवे लागतात, पण स्टार्टर गप्प : किल्ली, फ्यूज, न्यूट्रलची वा क्लचची सुरक्षा-कळ किंवा सोलेनॉइड यांत दोष असावा.

(३) भराभर टकटक आवाज येतो व दिवे मंदावतात : बॅटरी उतरलेली आहे किंवा सांधा सदोष आहे.

(४) एकच ठोका ऐकू येतो, दिवे प्रखर राहतात, इंजिन हलत नाही : सोलेनॉइडचे आतील संपर्क जळाले असावेत किंवा मोटरचे ब्रश झिजले असावेत.

(५) स्टार्टर घरघर फिरतो, इंजिन मात्र स्थिर : लहान दंतचक्र इंजिनाच्या दंतचक्रात गुंतत नाही. हा दोष यांत्रिक आहे.

(६) इंजिन जोमाने फिरते, पण पेट घेत नाही : स्टार्टरचे मंडल ठीक आहे. डिझेल, नळीत शिरलेली हवा व बंद करण्याची कळ यांकडे पाहावे. डिझेल बंद करण्यासाठी विजेची कळ असल्यास तिला दाब पोचतो की नाही, तेही तपासावे.

मोजमापाचा क्रम

पहिली पायरी बॅटरीची. काही तास विसावलेल्या बॅटरीच्या अग्रांवर व्होल्टमापक लावावा. सुमारे १२.६ व्होल्ट म्हणजे ती पूर्ण भारित, १२.२ म्हणजे निम्मी, आणि १२ च्या खाली म्हणजे उतरलेली. उतरलेली बॅटरी आधी भारित करून घ्यावी. त्याशिवाय पुढील मोजमापांना अर्थ नाही. मग स्टार्टर चालवीत असताना दाब पाहावा. तो साधारण ९.६ व्होल्टच्या खाली घसरला, तर बॅटरी दुबळी आहे किंवा स्टार्टर अवास्तव प्रवाह ओढत आहे.

दुसरी पायरी धन बाजूच्या तारेची. मापकाचे एक टोक बॅटरीच्या शिशाच्या धनाग्रावर, दुसरे स्टार्टर-मोटरच्या जाड अग्रावर धरावे आणि स्टार्टर चालवावा. येथे मिळणारा आकडा म्हणजे वाटेत नष्ट होणारा दाब होय. तो अर्ध्या व्होल्टहून अधिक असेल, तर तार, सांधे आणि सोलेनॉइड यांच्या दोन्ही बाजूंना मापक क्रमाने लावीत जावे. ज्या तुकड्यावर आकडा मोठा येईल, तेथे दोष आहे.

तिसरी पायरी परतीच्या मार्गाची. हिच्याकडे फार दुर्लक्ष होते. बॅटरीचे ऋणाग्र आणि स्टार्टरचे धातूचे आवरण यांमध्ये मापक लावून पुन्हा स्टार्टर चालवावा. येथेही अर्धा व्होल्ट ही मर्यादा समजावी. विणलेल्या तांब्याच्या पट्टीखाली रंग, गंज किंवा चिखल साचलेला असतो. पट्टी सोडून तिची बैठक काचकागदाने चकचकीत करावी व बोल्ट घट्ट आवळावा. अग्रांवरील क्षार खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुवावेत. ते पाणी घटांत जाऊ देऊ नये.

चौथी पायरी नियंत्रण-मंडलाची. सोलेनॉइडच्या लहान अग्रावर परीक्षेचा दिवा लावून किल्ली सुरुवातीच्या स्थानावर फिरवावी. दिवा लागला आणि सोलेनॉइड तरीही गप्प राहिला, तर दोष बहुधा त्याच्यातच आहे. दिवा लागला नाही, तर सुरक्षा-कळ, किल्ली, फ्यूज असे उलट्या दिशेने मागे जावे.

नव्या बॅटरीचा आभास

आरंभी म्हटल्याप्रमाणे नवी बॅटरी बसविल्यावर ट्रॅक्टर दोन दिवस चालतो, हे कसे? समजा, दोष अर्थच्या पट्टीत आहे. नव्या, पूर्ण भारित बॅटरीचा दाब प्रवाह देतानाही जास्त टिकतो. त्यामुळे पट्टीत काही व्होल्ट गमावूनही उरलेल्या दाबावर स्टार्टर कसाबसा फिरतो. कधी बॅटरी बदलताना अग्रे हलतात, घासली जातात आणि तेवढ्यापुरता सांधा सुधारतो. म्हणजे इलाज लागू पडल्याचे दिसते, पण निदान चुकलेले असते. तिसऱ्या पायरीचे एक मोजमाप हा सारा खर्च वाचविते.

दोष दूर झाल्यावर शेवटी भारणाची परीक्षा घ्यावी. इंजिन मध्यम वेगाने चालू असता बॅटरीवर सुमारे १३.८ ते १४.५ व्होल्ट मिळाले पाहिजेत. आकडा १२.५ च्या आसपासच राहिला, तर पट्टा सैल आहे अथवा अल्टरनेटर काम करीत नाही. अशा स्थितीत उत्तम बॅटरीही पुन्हा उतरणारच. उतरलेल्या अवस्थेत ती दीर्घकाळ पडून राहिली, तर पत्र्यांवर शिशाचे सल्फेट कठीण होऊन बसते व तिचे आयुष्य घटते.

अलीकडच्या काही ट्रॅक्टरांत इंधनाचे नियंत्रण इलेक्ट्रॉनिक असते. त्यांतील जोडण्यांना उत्पादकाच्या पुस्तिकेवाचून हात लावू नये. बॅटरी व जाड तारा यांची वरील परीक्षा मात्र तेथेही लागू पडते. ज्यांना या विषयाचे रीतसर शिक्षण घ्यावयाचे असेल, त्यांच्यासाठी मध्य प्रदेशातील बुदनी येथे १९५५ साली स्थापन झालेली केंद्र सरकारची कृषियंत्र-प्रशिक्षण संस्था आहे. हरियाणात हिस्सार येथेही तशी संस्था आहे.

ट्रॅक्टर सुस्थितीत असतानाच हंगामापूर्वी वरील मोजमापे घेऊन एका वहीत तारखेसह लिहून ठेवावीत. पुढे आकडा बदलू लागला, म्हणजे ट्रॅक्टर अडण्यापूर्वीच दोष कळून येईल व वाफशाचे दिवस वाया जाणार नाहीत.

अभ्यासासाठी प्रश्न

१. अर्थच्या पट्टीतील रोध ०.००५ ओम असून तीतून २०० अँपिअर प्रवाह वाहतो. किती दाब नष्ट होईल? किती वॅट शक्ती वाया जाईल? ही पट्टी निर्दोष मानता येईल काय?

२. दिवे प्रखर लागत असतानाही स्टार्टर दुबळा का पडू शकतो, हे ओमच्या नियमाने स्पष्ट करा.

३. परीक्षेच्या वेळी इंजिन बंद करण्याची कळ ओढून का ठेवावी?