घरातील व्यायाम-सायकल : मीटर नव्हे, ब्रेक पाहा

दुकानाच्या गल्ल्यावर किंवा शिलाई मशीनवर रोज दहा-बारा तास बसणाऱ्या आपल्या कितीतरी बांधवांना डॉक्टर व्यायाम करायला सांगतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शनानुसार प्रौढ माणसाने आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम करावा. फज्रनंतर घरातच अर्धा तास, आठवड्यातून पाच दिवस पॅडल मारले तरी १५० मिनिटे भरतात. पण घाईने आणलेली सायकल थोड्याच दिवसांत करकरू लागते आणि तिच्यावर कपडे वाळत पडतात. शरीर जशी अल्लाहची अमानत, तसा पैसाही. तो इस्राफमध्ये जाऊ नये म्हणून खरेदीपूर्वी काय पाहावे, हे आम्ही येथे देत आहोत.

ट्रेनर की व्यायाम-सायकल?

ट्रेनर म्हणजे आपल्याच सायकलीचे मागचे चाक अडकवण्याचा स्टँड. त्याला जागा कमी लागते. परंतु घरात गिअरची सायकल असेल तरच तो घ्यावा. काळ्या साध्या सायकलीच्या एक्सलला नट असतात, चाकाचे मापही वेगळे असते; ट्रेनरची पकड त्यावर बसेलच असे नाही. शिवाय गिअर एकच असल्याने जोर कमी-जास्त करता येत नाही. खडबडीत टायर ट्रेनरवर मोठा आवाज करतो. गुळगुळीत टायर लावावा लागतो. ज्यांच्याकडे अशी सायकल नाही त्यांनी सरळ व्यायाम-सायकल घ्यावी.

ब्रेकचे प्रकार

पॅडलला जड करणारी रचना हाच या यंत्राचा जीव आहे.

१) नमद्याची पट्टी : पट्टी चाकावर घासते. यंत्र स्वस्त, पण पट्टी झिजते व बदलावी लागते. सुटी पट्टी मिळते का, ते आधी विचारावे.

२) चुंबक : चुंबक धातूच्या फिरत्या चाकाजवळ येतो तेव्हा चाकात वीजप्रवाह निर्माण होऊन त्याला अडवतो. स्पर्श नाही, म्हणून झीज नाही आणि आवाजही कमी. घरासाठी आमची पसंती यालाच आहे.

३) पंखा : वेग दुप्पट केला की ताकद सुमारे आठपट लागते. व्यायाम उत्तम होतो, पण आवाज फार. भिंतीला भिंत लागून असलेल्या घरात शेजाऱ्याचा हक्क विसरू नये.

४) तेल : काही ट्रेनरमध्ये बंद डब्यातील तेलात पाते फिरते. आवाज कमी असतो, मात्र सील गेले तर तेल गळते.

कोणतेही यंत्र असो, खाली जाड रबरी चटई घालावी. कंप जमिनीतून खालच्या मजल्यावर जातो.

शरीर, कपडे आणि मुले

सीटवर बसून टाच सर्वांत खालच्या पॅडलवर ठेवावी. पाय सरळ झाला तर उंची बरोबर. घरातील स्त्री-पुरुष सर्व वापरणार असतील तर सीट त्या सर्वांच्या उंचीला बसते का, ते पाहावे. किती वजन चालते ते पट्टीवर लिहिलेले असते. आपले वजन त्याहून बरेच कमी असावे. कंबरदुखी असेल तर पाठीला टेकू असलेली सायकल बरी. चेन किंवा पट्टा पूर्ण झाकलेला हवा, नाहीतर पायजमा, ओढणी अडकते. काही जड चाकाच्या सायकलींत पाय थांबवले तरी पॅडल फिरतच राहते. तिच्याजवळ लहान मुलांना जाऊ देऊ नये.

मीटरवरील कॅलरीचा आकडा अंदाजाचा असतो. त्यासाठी जादा पैसे मोजू नयेत. दुकानातच दहा मिनिटे चालवून पाहावी. जुनी घेताना क्रँक हलतो का आणि बेअरिंग वाजते का, ते तपासावे.

हप्त्याचा सौदा

‘बिनव्याजी हप्ता’ म्हटले की आधी रोखीची किंमत विचारा. रोखीत मिळणारी सूट हप्त्यात मिळत नसेल, किंवा वर शुल्क लागत असेल, तर व्याज कोठे लपले आहे ते समजते. रिझर्व्ह बँकेनेही २०१३ साली बँकांना शून्य टक्के व्याज अशी गोष्टच नसते, असे बजावले होते. दुकानदाराने उधारीची किंमत आधीच ठरवून देणे वेगळे आणि बँकेचे व्याजी कर्ज वेगळे.

सायकल दुकानदार बंधूंसाठी

हा माल ठेवणाऱ्यांनी त्याचा वर्ग वाचावा. आयएसओ २०९५७ या मानकात ‘एच’ म्हणजे घरगुती व ‘एस’ म्हणजे व्यायामशाळेचा. घरगुती यंत्र व्यायामशाळेला विकणे म्हणजे ऐब लपवून विकणे होय. दुरुस्तीतही काम आहे. बेअरिंग, क्रँक, पॅडल हे आपल्या कारीगरांच्या हातचे काम. डाव्या पॅडलचे आटे उलटे असतात, हे न कळल्याने ग्राहक घरी जोडताना क्रँकचे आटेच घालवतात. म्हणून सायकल आपणच जोडून, सीट बसवून द्यावी. ग्राहक रोज चालवेल, दुआ देईल आणि चार जणांना आपले दुकान दाखवील. सचोटीच्या व्यापारातली बरकत हीच, इन्शाअल्लाह.